हरीभाऊ विरुद्ध मुंबई

लग्न होऊन मी डहाणूला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी शेजारच्या कुंपणावरून एक काळी टोपी वर आली. टोपीला वाळलेल्या गवताच्या काड्या चिकटल्या होत्या. टोपीखालून आवाज आला, "सूनबाई, तुम्ही गिरगावच्या ना? मग एक सांगा. मुंबईत असं काय आहे, जे इथे नाही?"

मी तुळशीला पाणी घालत होते. अंगावरची हळद अजून उतरली नव्हती, नवऱ्याशी धड चार वाक्यं बोलून झाली नव्हती, आणि हे गृहस्थ मला परीक्षेला बसवत होते. तोंडात आलं ते बोलून गेले. "मलई कुल्फी."

"बरं," म्हणाले आणि टोपी खाली गेली.

आठवडाभराने ते टोपीवाले शेजारी, हरीभाऊ, भर दुपारी आमच्या अंगणात हजर. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला मटका. गाडीच्या गार्डला गाठून त्यांनी तो मुंबईहून मागवला होता. मटक्याचं तोंड सोडलं तर आत दूध. गोड, वेलचीच्या वासाचं, कोमट दूध. सासूबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. हरीभाऊंच्या चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलली नाही. त्यांनी ते दूध पेल्यात ओतून माझ्यापुढे धरलं. "घ्या. वाटेत जरा सैल झाली. पण मुंबईचं दूध म्हणजे तरी काय, आपलंच गवत. पिऊन टाका, म्हणजे हे कारण खोडलं."

मी प्यायले. कारण खोडलं गेलं.

हरीभाऊ स्टेशनाजवळच्या एका गवताच्या वखारीत मेहता, म्हणजे हिशेबनीस होते. तलासरीकडून, उधव्याकडून बैलगाड्या भरभरून गवत यायचं, वखारीत दाबून त्याच्या गाठी बांधायच्या आणि मालगाडीच्या वाघिणीत घालून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. तिथल्या म्हशी ते खायच्या आणि मुंबई चहा प्यायची. या एका साखळीवर हरीभाऊंचा सगळा आत्मविश्वास उभा होता. "आम्ही आठ दिवस गवत धरून ठेवलं तर मुंबईला कोरा चहा प्यावा लागेल," असं ते शांतपणे सांगायचे. ही धमकी नव्हती. वस्तुस्थिती म्हणून सांगायचे.

त्यांचं भांडण मुंबईशी होतं, मुंबईकरांशी नाही. गावातलं कोणी ट्रंक घेऊन स्टेशनाकडे निघालेलं दिसलं की हरीभाऊ वखारीतून बाहेर येणार. "कायमचा की जाऊन येऊन?" हा पहिला प्रश्न. "जाऊन येऊन" म्हटलं तर सुटका. कायमचा असेल तर, "का? इथे काय कमी आहे? नाव सांग, आणतो." आणि खरोखरच आणायचा प्रयत्न करायचे, हा त्यातला धोका होता.

मासळी विकायला येणाऱ्या पार्वतीबायचा थोरला लेक मुंबईला निघाला तेव्हा तो चेष्टेत म्हणाला, "काका, तिथं रोज सिनेमा हाय." हरीभाऊ महिनाभर खपले आणि एक फिरता तंबू-सिनेमा गावात घेऊन आले. तंबू समुद्राकडच्या मैदानात लावला. खाडीवरून वारा आला की पडदा फुगायचा आणि नायिकेचं नाक गालापेक्षा मोठं व्हायचं. लढाईच्या ऐन प्रसंगात पडद्याची एक दोरी तुटली आणि राजाचं निम्मं सैन्य नारळाच्या झाडावर जाऊन लढलं. लोक बेहद्द खूश होते. कोळीवाडा, बाजारपेठ, रानशेतहून गाड्या जोडून आलेली माणसं, सगळे एकाच वेळी हसत होते. पार्वतीबायचा लेक तरीही गेला. त्याला गिरणीत काम मिळालं होतं. हरीभाऊ त्याला पोचवायला स्टेशनवर गेले. परत आल्यावर कुंपणाशी येऊन म्हणाले, "पोटाचं कारण माझ्या हातचं नाही, सूनबाई. पण सिनेमाचं खोडलं."

हा त्यांचा प्रामाणिकपणा मला आवडायचा. हरले की हरलो म्हणायचे. मुंबईचे नळ त्यांना मान्य होते. "नळाला मी मानतो," म्हणायचे. "घरात उभं राहून पाणी मिळतं, यात खोडण्यासारखं काही नाही." रस्त्यावरचे दिवे मान्य होते. शाळा-कॉलेजं मान्य होती. मात्र वर्षातून एखाद वेळी कामासाठी मुंबईला जाऊन आले की आमच्या ओट्यावर बसून एवढंच सांगायचे, "बघून आलो. अजून तशीच आहे."

मी स्वतः कुठल्या बाजूची, ते मलाच कळत नव्हतं. गिरगावात मी खोलीबाहेर पडले की कोणाला काही नसायचं. कुठे चाललीस, का चाललीस, कोणी विचारत नसे. डहाणूत पार्वतीबाय टोपली उतरवायच्या आधीच विचारायची, "कालचं कालवण काय गो? आन अजून काय गोड बातमी कशी नाय?" पहिले सहा महिने मला याचा संताप यायचा. मग मला ताप आला, तेव्हा तीच पार्वतीबाय दोन दिवस भाकऱ्या भाजून देऊन गेली. गिरगावात आमच्या भिंतीपलीकडच्या बाई आजारी पडल्या होत्या, ते आम्हाला त्या बऱ्या झाल्यावर कळलं होतं. असं मी मनात तोलत बसायचे. एक दिवस हे वर, एक दिवस ते. आमचे हे शाळेत मास्तर होते आणि दादरच्या एका शाळेत जागा मिळण्यासारखी होती. अर्ज करायचा की नाही, यावर रोज जेवताना बोलणं व्हायचं आणि रोज ताकभातापाशी थांबायचं.

मग पार्वतीबाय विचारायची ती बातमी खरंच आली. बाळंतपणाला मी आईकडे गिरगावात जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी कुंपणावर टोपी आली. "जाऊन येऊन ना?"

"जाऊन येऊन," मी म्हटलं. "पण काका, हे एक कारण तुम्हाला नाही हो खोडता यायचं. इथे बायकांची डॉक्टर नाही."

गावात डॉक्टर होते, चांगले होते. पण अडलेल्या बाईला पुरुष डॉक्टरपुढे न्यायचं तर घरची माणसं न्यावं की नाही यातच वेळ घालवायची, आणि मग फार उशीर व्हायचा. ज्यांचं कोणी मुंबईत होतं त्या जायच्या. बाकीच्या सुईणीच्या आणि देवाच्या भरवशावर.

मला वाटलं, हरीभाऊ काहीतरी तोड काढतील. ते कुंपणाची काटकी मोडत राहिले. "हे कारण मोठं आहे," एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

मी बाळाला घेऊन परत आले तेव्हा आमची गल्ली बदललेली होती. म्हणजे घरं तीच होती, पण हरीभाऊ घरात सापडत नव्हते. दर रविवारी पहाटेच्या गाडीने ते मुंबईला जात होते. ज्या माणसाने मुंबईचं तोंड वर्षातून एकदा बघायचं, तो दर आठवड्याला तिथल्या इस्पितळांच्या दारांत उभा राहून दिसेल त्या डॉक्टरीणबाईला विचारत होता, "आपण डहाणूला येता का?"

काहीजणींना वाटलं, घरी पेशंट आहे. एकीने शिपायाला बोलावलं. एका प्रसूतिगृहात तर त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि तासाभराने नर्स बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, नात झाली." शेजारच्या माणसाने लगेच पेढा पुढे केला.

"मग?" ते हे सांगत होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं.

"खाल्ला. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसेना."

"आणि ज्यांची नात, ते?"

"ते आले नंतर. त्यांनाही पेढा दिला मी."

अशा एका रविवारी त्यांना मालतीबाई भेटल्या. एका धर्मादाय प्रसूतिगृहात त्या डॉक्टर होत्या. वय चाळिशीचं, लग्न केलं नव्हतं, बोलणं तोडून. त्यांनी पहिल्या रविवारी नाही म्हटलं, दुसऱ्या रविवारी नाही म्हटलं. पुढे पुढे हरीभाऊ काही विचारेनासेच झाले. नुसते बाकावर टोपी काढून बसायचे. "शेवटी म्हटलं, एकदा यांचं गाव बघून टाकावं, म्हणजे हा माणूस बाकावरून उठेल," असं मालतीबाईंनी मला पुढे सांगितलं.

त्या येणार म्हणून हरीभाऊंनी सगळ्या गावाला ताकीद दिली. कोणी डासांबद्दल बोलायचं नाही. कोणी विहिरीबद्दल बोलायचं नाही. जेवण आमच्याकडे, कारण हरीभाऊंच्या घरात बाईमाणूस नव्हतं. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली होती आणि एकुलती मुलगी शकू परळला दिली होती.

सकाळी मालतीबाई गाडीतून उतरल्या. हरीभाऊंनी त्यांना आधी वखारीत नेलं. दवाखान्यासाठी वखारीच्या पुढच्या दोन खोल्या त्यांनी मनात धरल्या होत्या. वखारीच्या मालकांना, शेठना, त्यांनी हे सांगितलं होतं तेव्हा शेठ म्हणाले होते, "हरीभाई, घास काढीने हवे छोकरां भरवानां?" म्हणजे गवत काढून आता पोरं भरायची का. पण नाही म्हणाले नव्हते. मालतीबाई खोलीत शिरल्या आणि त्यांना शिंका सुरू झाल्या. गवताच्या धुळीने डोळे लाल, नाक लाल. हरीभाऊ त्यांना खाडीवर घेऊन गेले, तर तिथे सुकत घातलेल्या बोंबलांवरून वारा येत होता. तिथून एका ओळखीच्यांच्या चिकूच्या वाडीत नेलं. वाडी छान होती, पण वाडीच्या मालकांनी ताकीद विसरून पहिलंच वाक्य टाकलं, "संध्याकाळी मच्छर फार हां, बाई."

जेवताना मालतीबाईंनी सरळ सांगितलं. "हरीभाऊ, गाव चांगलं आहे. माणसं चांगली आहेत. पण मी येणार नाही."

हरीभाऊंचा घास हातात राहिला. "काय कमी आहे ते सांगा."

"वाचनालय."

"एक आहे. वाढवू."

"मला गाणं ऐकायला लागतं."

"गवई आणू. सिनेमा आणलाय मी."

"वीज?"

"येतेय. खांब पडलेत स्टेशनापाशी, दाखवतो."

मालतीबाई हसल्या. पहिल्यांदाच हसल्या. मग पानातली मिठाची रेघ बोटाने सारखी करत म्हणाल्या, "मुंबईत माझी एक खोली आहे. समोर मैत्रीण राहते, रात्री आम्ही एकत्र चहा करतो. इथे संध्याकाळी दवाखाना बंद केल्यावर मी कोणाशी बोलू? या वयात नव्या गावात एकटं पडायची मला भीती वाटते. हे कारण कसं खोडाल?"

हरीभाऊंनी हातातला घास पानात ठेवला. "हे मला नाही खोडता यायचं," ते म्हणाले. "एकट्याने राहणं कसं असतं, ते मला ठाऊक आहे. जेवा तुम्ही. संध्याकाळच्या गाडीला मी पोचवायला येतो."

वाढलेला भात पानात तसाच राहिला. त्याच वेळी दारात पार्वतीबाय उभी राहिली. टोपली नाही, डोक्यावर पदर नाही, पायांत वाळू.

"डॉक्टरीण बाय आलीय ना हितं? माझ्या सुनंला सकाळपासून कळा हायत. मूल पायाळू हाय. सुईण म्हणते, माझ्या हातचं नाय." ही गिरणीत गेलेल्या तिच्या लेकाची बायको. तो मुंबईत, ती इथे सासूपाशी.

मालतीबाई हात धुऊन उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा पार निराळा होता. सकाळपासून शिंकणाऱ्या, कंटाळलेल्या बाई त्या नव्हत्याच. "पाणी उकळायला ठेवायला सांगा. स्वच्छ जुनी लुगडी घ्या. तुम्ही चला माझ्याबरोबर," त्या मला म्हणाल्या. मी बाळ सासूबाईंकडे दिलं आणि निघाले.

कोळीवाड्यातलं ते घर, कुडाच्या भिंती, दाराबाहेर जाळ्यांचा ढीग. आत मालतीबाईंचा आवाज कधी चढत होता, कधी मऊ होत होता. "आता नाही, थांब. आता, पोरी, आता." त्यांनी सुईणीला बाजूला केलं नाही. तिला पोरीच्या पाठीशी बसवलं आणि तिचेही हात कामाला लावले. मी पाणी आत नेत होते. बाहेर कोळीवाड्यातल्या बायका गोळा झाल्या होत्या, आणि त्यांच्या मागे, एका उलट्या होडीला टेकून हरीभाऊ उभे होते.

उन्हं कलली तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. आधी अगदी बारीक, मांजराच्या पिल्लासारखं. मग चांगलं खणखणीत. बाहेरच्या बायका एकदम बोलायला लागल्या. पार्वतीबाय बाहेर आली आणि मटकन वाळूत बसली. "दोघी बऱ्या हायत," म्हणाली. "दोघी."

आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडीला अवकाश होता. हरीभाऊंनी शब्द दिल्याप्रमाणे मालतीबाईंची पिशवी उचलली होती. येण्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. आणि मग स्टेशनाच्या फाटकातून बायका यायला लागल्या. कोळीवाड्यातल्या होत्या, बाजारपेठेतल्या होत्या, गवताच्या गाड्यांबरोबर तलासरीहून आलेल्या होत्या. कोणी सुके बोंबील आणले, कोणी पडवळ, कोणी नुसतीच आली. एकीने मालतीबाईंच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. त्यांनी तिला बाकावर बसवलं, डोळे ओढून बघितले, पायांची सूज दाबून बघितली. ती उठली तशी दुसरी बसली. सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या, मराठीत, गुजरातीत, आपापल्या बोलीत, आणि मालतीबाई "एकेक, बायांनो, एकेक" म्हणत होत्या. वर्षानुवर्षं कोणाला न सांगितलेली दुखणी त्या फलाटावर बाहेर पडत होती.

गाडी आली. मालतीबाई एका म्हाताऱ्या बाईचा हात हातात धरून तिचं बोलणं ऐकत होत्या. स्टेशनमास्तरांनी दोनदा बघितलं. हरीभाऊ हातात पिशवी घेऊन उभे होते. मी त्यांना खूण केली, बाईंना हाक मारा म्हणून. ते जागचे हलले नाहीत. गाडीने शिटी दिली आणि सुटली.

मालतीबाईंनी मागे वळून जाणारा शेवटचा डबा बघितला. "गेली वाटतं," म्हणाल्या.

"गेली," हरीभाऊ म्हणाले.

"मघाशी मी विचारलं ना, संध्याकाळी कोणाशी बोलू म्हणून." त्यांनी बाकाभोवतीच्या गर्दीकडे बघितलं. "या मला घसा बसेपर्यंत सोडायच्या नाहीत."

रात्रीचा मुक्काम आमच्याकडे झाला. भातकापणी उरकल्यावर मालतीबाई ट्रंक, पुस्तकांची पेटी आणि एक तानपुरा घेऊन कायमच्या आल्या. वखारीच्या पुढच्या खोल्यांतलं गवत काढून, जमीन धुऊन, भिंतींना चुना लावला होता. दवाखाना उघडला त्या दिवशी शेठनी स्वतः नारळ फोडला. पार्वतीबाय नातीला अंगडं-टोपडं घालून घेऊन आली होती आणि कोणी विचारो न विचारो, "ही पयली," असं सांगत फिरत होती. कोसबाडची माणसं आली, उधव्याहून गाड्या आल्या. ताशे वाजत होते. हरीभाऊंनी दोन शब्द बोलावेत म्हणून लोकांनी त्यांना पुढे ढकललं, तर ते गर्दीत शिरून पलीकडून बाहेर पडले. आमच्या ह्यांनी दादरचा अर्ज केला नाही. मीच म्हटलं, राहू दे. पुढची दोन्ही मुलं मला डहाणूतच झाली.

सगळं गाव हरीभाऊंना जिंकलेला माणूस म्हणत होतं. ते मात्र काहीसे बेचैन दिसायचे. पोस्टमन दिसला की उठून उभे राहायचे. साधारण दोन महिन्यांनी ते एका दुपारी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले. या दारापाशी ते आधी कधीच आले नव्हते.

"वहिनी," ते सासूबाईंना म्हणाले, "डिंकाचे लाडू कसे करतात?"

सासूबाईंनी विळी बाजूला सरकवली. "कोणासाठी?"

"शकूसाठी. दुसऱ्या खेपेला आहे. सासरचे पाठवतायत तिला." मग उंबरठ्यावर बसून, पायाच्या अंगठ्याकडे बघत हळूहळू बोलले. पहिल्या वेळी त्यांनी तिला माहेरी न्यायचं म्हणून विषय काढला होता. तिच्या सासूने विचारलं, घरात बाई नाही, गावात बायकांची डॉक्टर नाही, पोरीला काही झालं तर कोण बघणार? "त्यांचं खरं होतं. मी काय बोलणार? इस्पितळात भेटायच्या वेळेला गेलो. वेळ संपल्याची घंटा झाली, बाहेर आलो. तिची आई असती तर तिने माहेरी आणली असती, घंटा नसती झाली." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "या वेळी तिच्या सासूबाई आपणहून म्हणाल्या, डहाणूला आता सोय आहे म्हणतात, तर जा."

माझ्या सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "भाऊ, आम्ही करून देतो की लाडू. तुम्ही कशाला?"

"नको. तुम्ही केलेत तर ते शेजारचे होतील. मला माहेरचे करायचेत. तुम्ही फक्त सांगा."

मग हरीभाऊ आमच्या चुलीपुढे बसून डिंक तळायला शिकले. पहिला डिंक करपला, दुसरा आतून कच्चा राहिला. खोबरं भाजताना बोटं भाजली. सासूबाई सांगायच्या आणि ते शाळकरी मुलासारखे "हं, हं" करायचे. खारीक कुटायला मी मदत करू लागले तर माझ्या हातातून बत्ता काढून घेतला.

शकूला दवाखान्यात मुलगा झाला, सुखरूप. घरी आणल्यावर बाज मागच्या खोलीत टाकली होती. मी बाळाला तेल लावायला गेले होते. हरीभाऊ बशीत लाडू घेऊन आले आणि भिंतीशी उभे राहिले. शकूने लाडू दाताखाली धरला. तो फुटेना. तिने दाढेखाली धरला, दोन्ही हातांनी दाबला, मग बाजेच्या कठड्यावर आपटून त्याचा तुकडा पाडला आणि बराच वेळ चघळत राहिली.

"तुझ्या आईसारखा झालाय का?" हरीभाऊंनी विचारलं.

"आई गूळ कमी घालायची, बाबा."

"बरं. उद्या कमी घालतो," हरीभाऊ म्हणाले, आणि तिच्या पायांवर ऊन आलं होतं म्हणून खिडकीचं दार हळूच लोटून घेतलं.